बंगल्यातलं पाणी

माठातल्या वाळ्याचा वास आला की दिंडोरीजवळचा तो बागायतदाराचा बंगला आठवतो. ऐंशीच्या दशकात मालकांनी तो जुन्या काळासारखा मांडून लोकांना बघायला खुला केला होता. आई लहानपणी त्यांच्या मळ्यात खुरपायला जायची, पण तिला तिथल्या भांड्याला शिवू देत नसत. मी आईला घेऊन तो बघायला गेले, तेव्हा दारात उभा असलेला, गड्याच्या वेशातला तरुण म्हणाला, "सगळं जसंच्या तसं ठेवलंय, मावशी. आत या ना." आई उंबऱ्याबाहेरूनच त्याला निरखत राहिली. त्यानं पाण्याचा तांब्या पुढे केला, तर तिनं वाकून ओंजळ धरली. "जसंच्या तसं हाय ना? मग वरून वत." तो हसला, आणि त्यानं खरंच वरून ओतलं. अजूनही कुणी पाणी दिलं, की मी आधी देणाऱ्याचा चेहरा बघते.