सासूबाईंचा ख्रिस्तप्रसाद

आम्ही नेरूळच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा मला मौन प्रार्थनेचं भारी वेड लागलं होतं. कॉन्व्हेंटमधल्या एका सिस्टरनी शिकवलं होतं: पहाटे उठायचं, काही मागायचं नाही, नुसतं प्रभूसमोर बसायचं. काय गोडी होती त्यात! मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि माझ्या पहाटा चादरी धुण्यात जायला लागल्या.

सासूबाई खाईनात. वाचा गेली होती, हट्ट मात्र शाबूत. जवळच्याच सारसोळे गावची कोळीण मुद्दाम ताजे बोंबील ठेवायची माझ्यासाठी. त्यांचं कालवण भातात कुस्करून भरवायला जावं, तर ह्या तोंड घट्ट मिटून घ्यायच्या. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल. मी आमच्या चर्चच्या फादरांपुढे रडले. "देव कुठे गेला हो, फादर? त्याच्यापाशी बसायलासुद्धा मिळत नाही मला." ते म्हणाले, "शुक्रवारी आईंसाठी ख्रिस्तप्रसाद घेऊन येतो." घ्या! माझं राहिलंच. रागच आला मला.

शुक्रवारी मी मेणबत्ती लावली, पांढरा रुमाल अंथरला. फादरांनी प्रसादाच्या पवित्र भाकरीचा कण चमचाभर पाण्यात भिजवून पुढे केला. ओठ मिटलेलेच. शेवटी चमचा माझ्या हातात देत म्हणाले, "तुमच्या हातची सवय आहे त्यांना. तुम्हीच द्या."

प्रसाद देताना 'ख्रिस्ताचं शरीर' एवढंच म्हणायचं होतं. कसलं काय! रोज भात भरवताना जिभेवर बसलेलं तेच बाहेर पडलं, "आई, आ करा. हा घास चिऊचा, हा घास काऊचा."

अगं बाई! धरणीनं पोटात घ्यावं असं झालं मला. आणि सासूबाई हसल्या. आजारपणानंतर पहिल्यांदा, वाकड्या तोंडानं, खांदा हलवत हसल्या. ओठ उघडले तसा मी चमचा आत सारला. गिळलं त्यांनी. "आमेन," म्हणता म्हणता फादरांनाही हसू फुटलं.

प्रभू त्या खोलीत होता. पहाटेच्या मौनात तो मला कधी इतका जवळ वाटला नव्हता, आणि इथे तर कालवणाच्या लसणीचा वाससुद्धा गेला नव्हता. त्याचे उपकार मी आजही मानते, आणि आजही डोळे भरून येतात.

मी चमचा पुसत होते, तेवढ्यात सासूबाईंनी चांगल्या हातानं माझा पदर ओढला. बघते तर त्यांनी आपणहून पुन्हा आ केलेला. फादर गोंधळले, प्रसाद काही दोनदा देत नाहीत.

म्हटलं, "थांबा फादर, त्यांना भात हवाय."