कचेरीत घेतलेले उखाणे

सुमतीबाई पेठकरांची आणि माझी पहिली ओळख भांडणातून झाली, आणि तेही भर रस्त्यात, घोडागाडी अडवून. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचे दिवस होते. मी एका उमेदवाराकडे भोंग्यावर ओरडायच्या कामाला होतो. त्याआधी मानखुर्दच्या मिठागरावर होतो, त्याआधी एका इराण्याकडे कप विसळत होतो. पण ते असो, ते सांगत बसलो तर बाई बाजूलाच राहतील. घाटकोपरच्या डोंगराच्या पायथ्याशी आम्ही गाडी माघारी वळवत होतो, तेवढ्यात नऊवारीतल्या, चष्मा लावलेल्या एक बाई सरळ घोड्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय रे, वर का नाही जात?"

"वर मतं नाहीत, बाई. उगाच घोडा दमवू नको म्हणून एजंटाने सांगितलंय."

"वर माणसं राहत नाहीत?"

"राहतात ना. पण बायका यादीत नाहीत, म्हणजे अर्धी वस्ती गेली. मग कोण चढणार?"

"आणि तुझं नाव आहे यादीत?"

आता ज्याला झोपायला रोज नवा ओटा, त्याचं नाव कुठल्या यादीत असणार? मी मानेनेच नाही म्हटलं. बाई म्हणाल्या, "सकाळपासून जगाला मत द्या म्हणून ओरडतोस आणि तुलाच मत नाही. झकास!" आणि तरातरा डोंगर चढून गेल्या. गाडीवाला संध्याकाळपर्यंत मला हसत होता.

त्या वस्तीत कोकणातून आलेली कुटुंबं. पुरुष गिरणीत. यादी करणारे कारकून यायचे भर दुपारी, तेव्हा घरात फक्त बायका. परक्या पुरुषाला स्वतःचं नाव सांगायचं म्हणजे संकोच, आणि नवऱ्याचं नाव तर कुणालाच सांगायचं नाही. मग कुणी 'बाळूची आई' म्हणून लिहिली गेली, कुणी 'ह्यांची मंडळी' म्हणून. असली नावं पुढे सरसकट गाळली. मतं नाहीत म्हणून पुढारी वर चढेना, आणि पुढारी चढेना म्हणून पाण्याचा नळही चढेना. बायका खालून हंडे वाहत होत्या. दुसऱ्या निवडणुकीच्या यादीतही नावं गळली असती, तर आणखी पाच वर्षं तेच हंडे.

बाई मुलींच्या शाळेत शिकवीत. शाळा सुटली की त्या डोंगर चढत. भाषण करताना मी त्यांना कधी पाहिलं नाही. कुणाच्या तरी दारात बसायच्या, सुपातले तांदूळ निवडायला घ्यायच्या आणि निवडता निवडता विचारायच्या, "तुझं नाव काय गं? बाळूच्या आईचं नको, तुझं." कितीतरी बायकांना आठवावं लागे. एका आजींनी तर माहेरचं नाव सांगितलं आणि पदराने डोळे पुसले.

मी पुढे भिंती रंगवायच्या कामाला लागलो तेव्हा पुन्हा बाईंच्या तावडीत सापडलो. "यादी होईपर्यंत एका जागी टिकून दाखव," म्हणाल्या, आणि आपल्या घराची मागची पडवी मला दिली. त्यांचे यजमान एका कंपनीत हेडक्लार्क, अतिशय शांत गृहस्थ. त्यांनी मला कंदील दिला आणि "पळू नका हं" एवढंच म्हणाले. मला अहो-जाहो करणारे ते पहिलेच. पळालो नाही. आयुष्यात एवढा एका जागी मी कधीच राहिलो नव्हतो.

दुसऱ्या यादीचा कारकून आला तेव्हा बायका तयार होत्या. आपापली नावं त्यांनी खणखणीत सांगितली. पण नवऱ्याच्या नावाशी गाडी अडलीच. मग त्यांनी नेहमीची युक्ती केली. गंगूने पारूच्या नवऱ्याचं नाव सांगितलं, पारूने गंगूच्या. शेजारणीच्या नवऱ्याचं नाव घ्यायला कसली आलीय हरकत! कारकून बिचारा जी बाई बोलेल तिच्यापुढे ते नाव लिहीत गेला.

कच्ची यादी लागली आणि डोंगरावर बोंब उठली. गंगूचा नवरा गोविंद चौकात उभा राहून ओरडत होता, "माझी बायल लक्ष्मणाच्या नावावर चढवल्यानी! आता मी जेवूक खंय जाव?"

पारूचा नवरा लक्ष्मण ओट्यावरून म्हणाला, "माझ्याकडे ये. तुझी बायल थंयच आसा मां!"

हसून हसून वाट लागली लोकांची. पण बाई हसल्या नाहीत. दुरुस्ती करायची तर प्रत्येकीने स्वतः कचेरीत जाऊन साहेबांसमोर नवऱ्याचं नाव सांगायचं, आणि मुदत संपत आलेली. बाई सगळ्यांना घेऊन निघाल्या. डोंगरावरून बायकांची ती रांग रस्त्याने चालली तेव्हा दुकानदार बाहेर येऊन विचारत होते, "लग्न कुणाकडे?"

कचेरीत साहेबांनी गंगूला विचारलं, "पतीचं नाव?" गंगू जमिनीकडे बघत राहिली. पारूही. सगळी रांगच मुकी. साहेब घड्याळाकडे बघू लागले.

शेवटी गंगू म्हणाली, "बाई, आधी तुम्ही घ्या. मग आमी घेतो."

आणि मी पाहिलं, बाईंचे कान लाल झाले. चष्मा काढून त्यांनी पदराने पुसला. एवढ्या शिकलेल्या, पण यजमानांचं नाव त्यांनीही लग्नानंतर चारचौघांत कधी उच्चारलं नव्हतं. क्षणभर वाटलं, संपलं, आता सगळ्या परतणार. मग बाईंनी चष्मा चढवला आणि वर्गात कविता म्हणावी तशा आवाजात म्हणाल्या,

"खडूने भरले हात, फळ्यावर लिहिले धडे,
वासुदेवरावांचं नाव घेते साहेबांच्या पुढे!"

सबंध कचेरीने माना वर केल्या. गंगूने पदर खोचला.

"डोंगर उतरून आले, ऊन लागलं पाठीला,
गोविंदरावांचं नाव घेते मताच्या चिठीला!"

मग काय, बांधच फुटला. पारूने लक्ष्मणरावांचं घेतलं, तिच्या मागचीने तिच्या धन्याचं. मागच्या बायका "आणखी एक, आणखी एक" करू लागल्या. कारकून लेखणी हातात धरून ऐकतच बसला, तेव्हा साहेब त्याच्यावर खेकसले, "अहो, ऐकत काय बसलाय, लिहा!" संध्याकाळपर्यंत एकूण एक नवरा आपापल्या घरी परतला.

त्या निवडणुकीत उमेदवार डोंगर चढले. धापा टाकत चढले. वर बायका नळाचं विचारायला उभ्याच होत्या. ज्याने दिवस ठरवून शब्द दिला त्याला मतं पडली, आणि आज डोंगरावर पाणी येतं. मतदानाच्या दिवशी केंद्रावरच्या अधिकाऱ्याने गंगूबाईंना नाव विचारलं. त्यांनी स्वतःचं आणि नवऱ्याचं अशा आवाजात सांगितलं की तो म्हणाला, "बाई, हळू. मला ऐकू येतं." त्या म्हणाल्या, "मागच्यांनाबी येऊंदे." मागे रांगेत बाई होत्या, आणि बाईंच्या मागे मी, पडवीचा पत्ता लावून. माझं पहिलं मत.

आता बाईंना साठ वर्षं पुरी झाली. शाळेतून त्या निवृत्त होतील, डोंगरावरून होतील असं वाटत नाही. त्यांना आणि वासुदेवरावांना उदंड आयुष्य आणि ठणठणीत गुडघे लाभोत, कारण चढ अजून बराच आहे. बाई, पुढच्या निवडणुकीला, त्याच्या पुढच्यालाही, तुम्ही रांगेत आमच्या पुढे असायला हव्यात. केंद्रावर कुणी नाव विचारलं तर संकोचू नका. पडलात अडून, तर तुमच्या वतीने वासुदेवरावांचं नाव घ्यायला सबंध डोंगर मागे उभा आहे.