नगाऱ्याच्या वहीतले बहात्तर

वाद्यवृंदातले सगळे त्यांना कागदवाले म्हणत. कार्यक्रमाआधी एकसष्ट वादकांच्या एकसष्ट वह्या ज्याच्या त्याच्या स्टँडवर मांडायच्या, नंतर गोळा करायच्या, आणि कंडक्टरचा विचार बदलला की तो बदल एकसष्ट ठिकाणी उतरवायचा, हे त्यांचं काम. कंडक्टर हे फार विचार करणारे गृहस्थ असल्यामुळे काम भरपूर होतं. एकतीस वर्षांत कागदवाल्यांच्या हातून चूक झाली नव्हती. त्याबद्दल कोणी त्यांचं कौतुक केलं नव्हतं. न झालेली चूक दिसत नाही.

त्यांचा एक नियम होता. शाई वापरायची नाही. खुणा मऊ पेन्सिलीनं करायच्या, पुसता येतील इतक्या फिक्या. एखादा तुकडा गाळायचा असेल तर पानं चिकटवायची नाहीत, कडेला पांढऱ्या दोऱ्याचे चार टाके घालायचे. पुढल्या वेळी टाके उसवले की पान जसंच्या तसं. "कायमचं काही करू नये," ते म्हणत. घरीही त्यांनी हेच धोरण ठेवलं होतं.

घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या, एक्क्याऐंशी वर्षांची आई आणि वडलांच्या मागे राहिलेला एक उभा पियानो. तो वाजवायला दोघांपैकी कोणालाच येत नव्हता. तरीही दर गुरुवारी चार वाजता ट्यूनर येऊन त्याच्या तारा सुरात लावून जाई. ज्यांना वाजवता येतं ते हे वर्षातून दोनदा करून घेतात. कागदवाल्यांकडे ते एकोणीस वर्षं दर आठवड्याला चाललं होतं. गावात इतका सुरात असलेला पियानो दुसरा नव्हता, आणि इतका मुकाही.

ट्यूनर आला की आई पिशवी उचलायची. "मी शेजारणीकडे बसते. ही टणटण माझ्यानं ऐकवत नाही." टणटण पंधरा मिनिटांत संपायची. उरलेले पावणेदोन तास दोघे आतल्या खोलीत असत. सहाला ट्यूनर पियानोची पुढची फळी काढून, सगळे ट्यूनर लिहितात तशी, आतल्या लाकडावर तारीख टाकायचा. मग कागदवाले त्याला जिन्यापर्यंत पोचवायचे. जिन्याच्या खाली ते दोघे नुसते ओळखीचे होते. एकोणीस वर्षांचा संसार होता, पण आठवड्याला पावणेदोन तासांचा.

एका गुरुवारी ट्यूनरनं तारीख टाकायला जरा जास्तच वेळ लावला. फळी बसवून तो म्हणाला, "मी चाललोय." दुसऱ्या शहरात जुने पियानो दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात त्याला नोकरी मिळाली होती, वर राहायला तीन खोल्या. "परवा, शनिवारी, सहाची गाडी आहे. चल माझ्याबरोबर."

"आईला सोडून कसा येऊ?"

"तिलाही घेऊन चल."

"तिला काय सांगू?"

"जे आहे ते."

कागदवाले चष्मा पुसू लागले. उत्तर सुचलं नाही की ते चष्मा पुसत. त्यांचा चष्मा कायम लख्ख असे.

"शनिवारी दुपारी तुमच्या त्या बुरुजातल्या राजपुत्राचा कार्यक्रम आहे ना?" ट्यूनर म्हणाला. "मी मागे दाराजवळ बसतो. तो बाहेर पडला की सांग, येतोस का नाही. त्याच्याकडे बघून तरी धीर येईल तुला."

बुरुजातला राजपुत्र ही एका तरुण संगीतकार बाईंची नवी रचना होती. शब्द नाहीत, गोष्ट सगळी वाद्यांतून. एकही राजकन्या पसंत करत नाही म्हणून राजानं पोटच्या मुलाला बुरुजात कोंडलेलं असतं. तो चेलो. त्याला सोडवायला शेजारच्या राज्याचा राजपुत्र येतो. तो क्लॅरिनेट. दोन उभ्या रेषांमधल्या जागेला कागदवाले एक घर म्हणत. अशी अठ्ठेचाळीस घरं ते दोघे बंद दाराच्या दोन बाजूंनी एकमेकांशी बोलतात. मग नगाऱ्यावर तीन ठोके, म्हणजे दारावर थाप. दार उघडतं आणि सत्तेचाळीस घरांचं लग्न लागतं. चेलोची वही तयार करताना कागदवाल्यांनी ती अठ्ठेचाळीस घरं दोनदा उतरवून काढली होती. पहिल्यांदा काही चुकलं नव्हतं.

शनिवारी सकाळी गोष्ट छापलेली पत्रिका वाद्यवृंद चालवणाऱ्या समितीच्या हाती पडली. तालमी समितीनं दोनदा ऐकल्या होत्या आणि दोन्ही वेळा माना डोलावल्या होत्या. कानांची काही तक्रार नव्हती. घात केला तो वाचता येण्यानं. पत्रिका परत घेतल्या गेल्या आणि अकरा वाजता व्यवस्थापक कागदांच्या खोलीत आले. मागोमाग संगीतकार बाई.

"कागदवाले, ते दोघांचं बोलणं तेवढं गाळायचं."

"मग लग्न कुणाशी लागतंय?" बाईंनी विचारलं.

"लग्न राहू द्या. लग्नाला समितीची हरकत नाही."

"एकट्याच्या?"

"बाई, दुपारचा कार्यक्रम आहे. लोक जेवून येतात. वर कोण मोजतंय?"

बाई कागदवाल्यांकडे वळल्या. "काका, तुम्ही काही बोलाल का?"

काकांनी सुईत दोरा ओवला.

अडीचपर्यंत ते शिवत होते. चेलो, क्लॅरिनेट, व्हायोलिनांचा ढीग. गोष्टीत आता राजपुत्राला सोडवायला कोणी येतच नव्हतं, आणि तरी त्याचं लग्न होत होतं. असं घडताना त्यांनी नात्यात बरंच पाहिलं होतं. सहाची गाडी डोक्यातून जात नव्हती. टाके मात्र नेहमीसारखे सरळ पडत होते.

शेवटी नगाऱ्याची वही उरली. तिच्यात शिवण्यासारखं काही नव्हतं, नुसता आकडा होता: बहात्तर. म्हणजे बहात्तर घरं गप्प बसून मोजायची आणि मग तीन ठोके. त्यातली चोवीस राजपुत्राच्या एकटेपणाची, अठ्ठेचाळीस दोघांची. आता बहात्तर पुसून तिथे चोवीस लिहायचे होते. कागदवाल्यांनी खोडरबर हातात घेतलं. आकड्याकडे बराच वेळ पाहिलं. मग खोडरबर खिशात ठेवलं आणि वही मिटली.

हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं बंड. ते इतकं बारीक होतं की पकडलं गेलंच तर चूक म्हणून खपलं असतं. तेवढी सोय त्यांनी आधीच पाहून ठेवली होती.

नगारेवाला तापानं पडला होता. त्याच्या जागी बदलीचा माणूस तीनला दहा कमी असताना धापा टाकत पोचला. काय गाळलंय ते त्याला सांगायचं कोणाला सुचलं नाही. वह्या त्यासाठीच असतात.

चेलोनं चोवीस घरं एकटेपणा वाजवला. कंडक्टरनी नगाऱ्याकडे हात केला. बदलीचा माणूस मान खाली घालून ओठांतल्या ओठांत मोजत होता. ठोक्यांची जागा रिकामी गेली. कंडक्टरनी ओठ आवळले आणि लग्न सुरू केलं. सत्तेचाळीस घरं लग्न थाटात झालं. शेवटचा सूर थांबला, समितीनं टाळीसाठी हात उचलले, आणि त्या शांततेत नगारा वाजला. धम्. धम्. धम्.

"आई, कोण आलंय गं?" तिसऱ्या रांगेतून एका लहान मुलीनं मोठ्यांदा विचारलं.

सगळा हॉल हसला. समितीचे अध्यक्षही हसले. दाराजवळच्या खुर्चीतला ट्यूनर तेवढा हसला नाही.

मागच्या बोळात व्यवस्थापकांनी कागदवाल्यांना गाठलं. "अहो, तुमच्याकडून? एकतीस वर्षांत पहिल्यांदा?"

"चुकलं," कागदवाले म्हणाले. "नजरचूक."

व्यवस्थापक गेले तेव्हा त्यांच्यामागे ट्यूनर उभा असलेला दिसला. हातात बॅग होती.

"चुकलं?"

कागदवाल्यांचा हात चष्म्याकडे गेला.

"येतोस?"

"आत्ता लगेच कसा... टाके उसवायचेत. एकसष्ट वह्या आहेत."

"साठ," ट्यूनर म्हणाला. "नगाऱ्याची तू शिवली नाहीस." आणि तो निघून गेला. कागदवाल्यांनी सहापर्यंत टाके उसवले. दोरा गुंडाळून डबीत ठेवला. तो पुन्हा वापरता येतो.

पुढचे सात गुरुवार पियानोला कोणी हात लावला नाही. आठव्या गुरुवारी चारला आई मांडीवर पिशवी घेऊन पियानोसमोर बसली.

"आता येत नाही वाटतं तो?"

"गाव सोडलं त्यानं."

"मग तू इथे काय करतोयस?"

"तुला टाकून जाऊ होय?"

"वा! म्हणजे पाप माझ्या माथी." आईनं पिशवी सरळ केली. "एकोणीस वर्षं मी त्या शेजारणीकडे बसले. सुनेच्या कागाळ्यांशिवाय दुसरा विषय नाही त्या बाईला. मला काय हौस होती?"

"तुला आवाज सहन होत नाही म्हणून..."

"पंधरा मिनिटांचा तर आवाज! भिंत केवढी जाड आहे आपली? टणटण कधी थांबते ते पलीकडे नीट ऐकू येतं."

कागदवाल्यांना बसावंसं वाटलं, पण खुर्चीवर आई होती. "मग कधी बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले. अशा गोष्टी आईनं विचारायच्या असतात का? चष्मा ठेव खाली. झालाय तो स्वच्छ." तिनं पियानोकडे बोट केलं. "आणि ती फळी काढ. शेवटच्या खेपेला मी परत आले तेव्हा तो बराच वेळ आत डोकं घालून बसला होता. मी दारातूनच मागे फिरले."

कागदवाल्यांनी फळी काढली. आतल्या लाकडावर एकोणीस वर्षांच्या तारखा होत्या, पेन्सिलीनं लिहिलेल्या, एकीखाली एक. कितीतरी जुन्या पार फिकट झालेल्या. सगळ्यात खाली एक पत्ता होता, घर नंबर आणि मजल्यासकट. शेजारी लिहिलं होतं, "घंटी बिघडलीय. थाप मार." त्यांनी सवयीनं त्यावर अंगठा फिरवून पाहिला. शाई होती.

"शनिवारी कार्यक्रम आहे," ते पियानोत तोंड घालूनच म्हणाले. "वह्या कोण मांडणार?"

"बदलीची माणसं मिळतात."

आई उठली. पिशवी घेऊन सवयीनं शेजारणीच्या दिशेनं निघाली, आणि उंबऱ्यात थांबली. पिशवी आज जरा जडच दिसत होती.

"मला जिना उतरायला वेळ लागतो," ती म्हणाली. "आवर लवकर."