त्या दुपारी लांबडी कुणी नेली?

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, पण खरं सांगायचं तर लोकांना किती सहज फसवता येतं हे बघायला वाचते. भूतखेत, करणी, अंगात येणं… यातलं काहीही मी कधी मानलं नाही. आजही मानत नाही. घरात लिंबू-मिरची लावत नाही, अमावस्येला नवा माल काढते, मांजर आडवं गेलं तर हॉर्न वाजवते. तरीही हे लिहिते आहे, कारण गेल्या वर्षी मे महिन्यात जे झालं त्याचा हिशेब मला लागत नाही. आणि त्यात माझा जो भाग आहे, तो कुठेतरी एकदा लिहून टाकायला हवा.

मी सोलापूरची. अक्कलकोट रोडच्या बाजूला, कारखान्यांच्या मागच्या वसाहतीत आमचं घर. कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून दुकानांना पुरवण्याचा माझा व्यवसाय आहे. त्यासाठी अकरा वर्षांपूर्वी आम्ही एक जुनी डिझेल गाडी घेतली. पुढून साधी कार, पण मागे छप्पर तसंच शेवटपर्यंत गेलेलं — सीट पाडली की सहा फुटांचा माणूस आडवा झोपेल एवढी डिकी. असली गाडी आता फारशी दिसत नाही. स्पेअर पार्ट मिळवायला जीव जातो. थंडीत हीटरचा दिवा विझेपर्यंत थांबावं लागतं, मग खडखड करत चालू होते. आवाज असा की दोन गल्ल्या ओलांडून कळतं, मी आले. आख्खी वसाहत तिला ‘लांबडी’ म्हणते.

डिझेलचा काटा चार वर्षं अर्ध्यावर अडकलेला आहे. त्यामुळे टाकी भरली की ट्रिप मीटर शून्यावर आणायचं आणि साडेपाचशे किलोमीटरला पुन्हा पंपावर जायचं, अशी माझी पद्धत. रोज गाडी लावली की आकडा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवते. हे पुढे लागणार आहे म्हणून सांगते.

गाडी लांब, त्यामुळे बाजारातलं कुठलंच कव्हर तिला बसेना. शेवटी समोरच्या पद्माक्कांनी ते शिवून दिलं. त्यांचे यजमान अंबादासभाऊ चादरीच्या कारखान्यात मागावर. त्यांनी डाग पडलेल्या, बाजूला काढलेल्या चार चादरी आणल्या, अक्कांनी त्या जोडल्या, खाली नाड्या लावल्या. “ताई, गाडीला पण ऊन लागतंय की,” म्हणाल्या. सुईच्या दोऱ्याचेही पैसे घेतले नाहीत.

आता माझी बाजू. गाडी लांब असल्याचा त्रास असा, की ती सगळ्यांची होते. कुणाचा कूलर, कुणाच्या गाद्या, कुणाचं लग्नातलं रुखवत. एकदा तर पलीकडच्या गल्लीतली व्यालेली शेळी तिच्या करडासकट. त्या एप्रिलमध्ये एकाच्या मुलाने मागे उलटी केली. मी दोन दिवस गाडी धूत होते, तरी एका दुकानदाराने भाकरीला वास येतो म्हणून माल परत पाठवला. त्या दिवशी मी ठरवलं, आता कुणालाही गाडी द्यायची नाही.

तो दिवस. सकाळी माल टाकून आले, कडुनिंबाखाली गाडी लावली, कव्हर घातलं, नाड्या बांधल्या, कॅलेंडरवर लिहिलं — ४१२. आमचे हे पुण्याला गेले होते, दुसरी किल्ली त्यांच्या खिशात. माझी किल्ली फ्रिजजवळच्या खिळ्याला, तिथेच माझा पांढरा स्कार्फ. जेवले आणि कूलरसमोर आडवी झाले. मे महिन्यात दुपारी दोन ते चार आमच्याकडे रस्त्यावर चिटपाखरू नसतं.

अडीचच्या पुढे फाटक वाजलं. “ताई… ओ ताई!” पद्माक्का.

आदल्याच दिवशी त्या म्हणाल्या होत्या, परवा अक्कलकोटला सामान न्यायचंय, गाडी लागेल. मी “बघू” म्हणाले होते. मला वाटलं, तेच विचारायला आल्या. मी पडद्याची कड बोटभर सरकवून बघितलं.

अक्का अनवाणी होत्या.

सोलापुरात राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. मेमधल्या दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर कुणी अनवाणी येत नाही. पायाला चटके बसत होते म्हणून त्या एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होत्या आणि फाटक हलवत होत्या. हे सामानाचं काम नव्हतं. मला कळलं होतं. ‘कळलं नाही’ असं मी वर्षभर स्वतःला सांगत आले, पण मला कळलं होतं. डोक्यात आलं ते एवढंच — आता परत कुणीतरी मागे ओकणार, परत दोन दिवस धुवायचं. मी पडदा सोडला आणि पुन्हा आडवी झाले. अजून दोनदा हाक आली. मग थांबली.

तेवढ्यात फोन वाजला. माझी धाकटी बहीण सुमन, नातेपुत्याला असते. लोणच्याच्या कैऱ्या कधी पाठवू, म्हणून विचारत होती.

“अगं, ती समोरची आली होती दारात,” मी हळू आवाजात सांगितलं. “गाडी मागायला असणार. मी उघडलंच नाही.”

“बरं केलंस. लई डोक्यावर बसवून घेतलंयस सगळ्यांना,” सुमन म्हणाली. आणि जरा वेळाने, “पण तुझी गाडी कोण चालू करतंय गं? मला हितं ऐकू येतंय.”

“टेम्पो असेल कुणाचा.”

“टेम्पो न्हाय. तुझीच हाय ती खडखड. ओळखते की मी.”

मलाही ऐकू येत होतं. पण बघायला उठले असते तर खिडकीत दिसले असते, आणि मी घरात आहे हे अक्कांना कळलं असतं. म्हणून मी उठले नाही. पडल्या जागेवरून किल्ली दिसत होती, खिळ्याला लटकलेली. तिच्याकडे बघत मी बहिणीशी कैऱ्यांवर बोलत राहिले. नंतर फोनमध्ये तपासलं — दोन एकेचाळीसला सुरू झालेला कॉल, एकोणीस मिनिटं.

साडेपाचला संध्याकाळचा माल टाकायला बाहेर आले. कव्हर जसंच्या तसं, नाड्यांना माझीच गाठ. बॉनेट गरम होतं, पण मेमध्ये सोलापुरात बॉनेट गरम असणं हा काही पुरावा नाही. मागचं दार उघडलं. रिकामे क्रेट मी मागे ठेवले होते, ते एकात एक घालून पुढच्या सीटवर होते. मागची जागा मोकळी, एका कोपऱ्यात ओल. आणि एक रबरी चप्पल. डाव्या पायाची, निळा पट्टा, तुटलेल्या जागी तांब्याच्या तारेने बांधलेली. ती तार मी ओळखत होते. अंबादासभाऊ सगळं काही तारेनेच दुरुस्त करतात.

ट्रिप मीटरवर आकडा होता ४१९.

आधी मला राग आला. कुणी नेली माझी गाडी? मग किल्ली आठवली. आत्ता बाहेर येताना मीच ती खिळ्यावरून काढून आणली होती. पुण्याला फोन केला. “माझी किल्ली इथं माझ्या हातात आहे, का गं?” मी “काही नाही” म्हणून ठेवला.

सातच्या सुमारास अक्कांचा फोन आला. रडत होत्या. “ताई, शुद्धीवर आले. पाणी मागितलं. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर हातात काय नव्हतं.” अंबादासभाऊ पहिली पाळी करून घरी आले आणि उंबऱ्यात कोसळले, अंग तव्यासारखं. उष्माघात. अँब्युलन्सला वेळ लागणार होता, स्टँडवर एकही रिक्षा नव्हती. “तुमी नसता आला तर…”

 मी म्हणाले, “असू दे हो.”

ते तीन शब्द. ‘मी आले नव्हते’ हेही तीनच शब्द होते.

डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये गेले. जाताना मीटर बघितलं, साडेतीन किलोमीटर. जाऊन-येऊन सात. अक्कांनी माझे दोन्ही हात धरले आणि वॉर्डातल्या लोकांना सांगायला लागल्या, “ह्याच त्या ताई. एक शब्द बोलल्या न्हाईत. स्कार्फ बांधला, क्रेट पुढं टाकले, यांना मागं आडवं घातलं आणि सुटल्या. दारात सोडलं, आमी स्ट्रेचरवर घेईपर्यंत गाडी वळवून गेल्या पण.” टेबलावर केसपेपर होता, त्यावर दाखल केल्याची वेळ — दोन पंचावन्न. मी तेव्हा सुमनला विचारत होते, कैरी राजापुरी पाठवणार की गावठी.

उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच बायका डोळे सोडून सगळं तोंड बांधून फिरतात. दुसरी कुणी बाई असेल, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं. पण किल्लीशिवाय? आणि माझ्या गाठी मारून, कव्हर घालून गेली? ह्यांना अर्धंमुर्धं सांगितलं, तर म्हणाले, ऊन लागून तूच नेली असशील आणि विसरली असशील. बरं वाटलं असतं तसं असतं तर. पण सुमन आहे ना. तिला सगळं सांगितलं. मग म्हणाली, “ताई, तू तर माझ्याशी बोलत होतीस की गं.” आणि मग, “हे कुणाला सांगू नको. लोक तोंडावर थुंकतील.” भुताबद्दल नव्हती ती बोलत.

वर्षभर मी ते श्रेय खाल्लं. वसाहतीत लोक मान द्यायला लागले. दसऱ्याला अक्कांनी कोरी, बिनडागाची, मोरांची चादर आणून दिली. मी घेतली. अंबादासभाऊ समोरून जाताना हात जोडायचे, आणि मी गाडी पुसण्यात गुंतल्यासारखं करायची. चप्पल परत द्यायची म्हणजे पुन्हा ते सगळं ऐकायचं, म्हणून ती मी जॅकच्या खणात टाकून दिली.

गेल्या महिन्यात गाडी विकायचं ठरलं. क्लच गेला, आणि आता ह्या वयात कोण करत बसणार. खण रिकामा करताना चप्पल हातात आली. मी तशीच ती पिशवीत घालून समोर गेले. उद्यावर टाकलं असतं तर जमलं नसतं.

अक्का मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. “अक्का, मी त्या दिवशी आले नव्हते. मी घरात होते. तुमच्या हाका ऐकल्या, दार उघडलं नाही. गाडी कुणी चालवली मला माहीत नाही.”

त्यांचे हात चालूच होते. पान, तंबाखू, दोरा. मग म्हणाल्या, “पडदा हलला, ते बघितलं की मी.”

मी खाली बसले.

“तुमी आत हाय, ते मला ठाऊक होतं. दारातनं माघारी फिरले तवा लई वाईट बोलले तुमाला. आमच्या तेलुगूत.”

“काय बोललात?”

“ते मराठीत न्हाय येत.” जरा हसल्या. “चार पावलं गेले न्हाय तर मागं आवाज झाला. बघते तर तुमी, चादर काढताय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, ताई. म्हटलं, माणसाला उठायला वेळ लागतो की, आणि आपण कसलं कसलं बोललो. वर्षभर तीच लाज वाटतीया. दसऱ्याला चादर दिली ती त्याचीच.”

“अक्का, पण ती मी नव्हते.”

आता हात थांबले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग माझ्या हातांकडे. “गाडी तुमीच चालवली. गिअर टाकताना कडं आपटतं तुमचं, टक् करून. मागं यांचं डोकं मांडीवर घेऊन तेच ऐकत होते मी.”

ते कडं मी आंघोळीलाही काढत नाही. त्या दुपारीही हातातच होतं, उशीखाली.

  मी पिशवीतून चप्पल काढून दिली. अक्कांनी ती उलटीसुलटी करून बघितली, तारेवरून अंगठा फिरवला.

“दुसरी तर आमी कवाच टाकली,” म्हणाल्या. “एक घेऊन काय करू?”

तरी त्यांनी ती दाराजवळ, इतर चपलांच्या रांगेत ठेवली.

ज्यांना स्पष्टीकरण सुचत असेल त्यांनी जरूर लिहावं. फक्त देव धावून आला वगैरे नको. देवाला कव्हरची गाठ माझ्यासारखी मारायची काय गरज? जी कुणी होती तिला माझी गाडी येत होती, माझी गाठ येत होती, क्रेट कसे रचायचे तेही येत होतं. हाक ऐकून उठायचं, तेवढंच तिला माझ्याहून जास्त येत होतं.

गाडी अजून विकलेली नाही. क्लच टाकून घेतला.