सुंदराची बधिर बोटं

टोकावड्याच्या एका ढाब्यावर सुंदरा तांदळाच्या भाकऱ्या थापायची. भाजत आलेली भाकरी ती तव्यावरून बोटांनीच उचलायची. माळशेजकडे निघालेले ड्रायव्हर खास तिच्या भाकरीसाठी गाडी थांबवत. मानेला गाठ आली तरी पदर गळ्याशी ओढून ती कामावर जातच राहिली. शेवटी नवऱ्याने, सावळारामने, तिला हट्टाने कल्याणला नेलं. तपासणीत लिम्फोमा निघाला, रसग्रंथींचा कॅन्सर.

शिरेतून औषधं सुरू झाली. त्यातलं एक लालभडक होतं. पहिल्या खेपेनंतर सुंदरा घरी आली आणि मोरीतून किंचाळतच बाहेर धावली.

"अवो, लघवीतून रगत जातंय! मी काय वाचत नाय आता."

 सावळारामने दवाखान्यात फोन लावला. सिस्टर म्हणाली, "रक्त नाही ते. औषधाचा रंग आहे, जाईल एक-दोन दिवसांत."

रंग गेला. पण पुढे कितीतरी दिवस सुंदरा मोरीत खाली बघायचीच नाही.

केस गेले, तोंड आलं, जबडा ठणकायला लागला. ते सगळं तिने काढलं. मग बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. काम सुटलंय म्हणून हात आखडले असतील, असं तिने मनाला समजावलं आणि कुणाला सांगितलं नाही.

एका सकाळी बरं वाटलं म्हणून ती चुलीपाशी बसली. भाकरी तव्यावर टाकली, कड सोडवायला हात घातला. सून मनाली दारातूनच ओरडली, "आई, हात काढा! हात!"

सुंदराने हात ओढला. दोन बोटांची कातडी तव्याला चिकटून राहिली होती. जळका वास घरभर सुटला.

"दुखत नाय का, आई?" मनालीने विचारलं.

सुंदराने बोटं उलटसुलट करून बघितली. "नाय गो," ती पुटपुटली. "कायच नाय लागलं."

दुपारी तिने डोळे मिटून चिमटीत तांदळाचा दाणा धरला. दाणा आहे की पडला, कळेना. संध्याकाळी शेताकडून येताना पायातली एक चप्पल बांधावरच राहिली, हेही तिला घरी आल्यावर दिसलं. आता मात्र तिच्या मनात पक्कं बसलं: औषध आपल्याला आतून खात चाललंय. सांगावं, तर डॉक्टर औषध बंद करतील आणि गाठ परत येईल. न सांगावं, तर हातपाय जातील. तिने मनालीला आपल्या गळ्याची शपथ घातली, "बोटांना कळत नाय, हे ह्यांना बोलायचं नाय."

पुढच्या खेपेला पट्टी बांधलेला हात पदराखाली धरून ती एसटीत बसली. पण सुई लावायला सिस्टरने नेमका तोच हात मागितला. पट्टी बघून डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी ब्लाउजचं वरचं हूक काढून परत लावायला सांगितलं. निघालं, पण लागेना.

"आधी का नाही सांगितलं?"

"तुमी औषध बंद कराल म्हणून," सुंदरा म्हणाली आणि तिला रडू फुटलं. 

डॉक्टरीणबाई तिच्याजवळ बसल्या. "सगळी औषधं बंद नाही करायची. नसांना त्रास देणारं एकच आहे, ते आता थांबवू. बाकीची चालू राहतील."

"बोटं परत येतील?"

"बहुतेक येतील. महिने लागतील. पण अगदी पहिल्यासारखी होतीलच, असा शब्द नाही देत."

सुई आत गेली तेव्हा सुंदराने डोळे घट्ट मिटले होते.

पुढे औषधं संपली. गाठ विरघळली, स्कॅन चांगला आला. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं हळूहळू जागी झाली. करंगळ्या आणि तळपाय अजून बधिरच आहेत. तपासणीची तारीख जवळ आली की तिला घास उतरत नाही, दिवसभर हात मानेवर फिरत राहतो. आणि आंघोळीला बसली की पाण्याला हात लावण्याआधी ती मनालीला हाक मारते, "ये गो, आधी तू बघ, कढत तं नाय?"