बाणाचा ण

आश्विनात सकाळी साडेसहाच्या सुमारास आमच्या वसईला एक वास असतो. कापणीला आलेल्या भाताचा, रात्रभर दवात भिजलेल्या गवताचा आणि कुठल्यातरी कुंपणापलीकडच्या प्राजक्ताचा तो मिसळलेला, ओलसर, थोडा गोड वास. आठ वाजले, ऑक्टोबरचं ऊन चटके देऊ लागलं, की तो विरून जातो आणि नव्या इमारतींच्या सिमेंटची धूळ तेवढी नाकात उरते. म्हणून मी लवकर निघतो. सहाव्या मजल्यावरून लिफ्टने खाली उतरायचं, जिन्याखाली साखळीने बांधलेली वडिलांची सायकल सोडायची, सीटवरचं दव रुमालाने पुसायचं आणि टांग मारायची. निघताना बायको दारापर्यंत येते. "निघाली स्वारी," एवढंच म्हणते. माझ्या गुडघ्यांविषयी बोलायचं तिने आता सोडून दिलं आहे.

सायकल काळी, उंच, वयाने माझ्यापेक्षा मोठी. तिच्या ब्रेकला तारा नाहीत, लोखंडी कांबी आहेत, आणि मागचं कॅरियर इतकं रुंद की वडील त्यावर केळीच्या पानांचे भारे बांधून बाजारात नेत. ते गेल्यानंतर कित्येक वर्षं ती आत्याच्या, म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीच्या, पडवीत उभी होती. गेल्या दसऱ्याला आत्याने तिला झेंडूची माळ घातलेली पाहिली आणि मला राहवलं नाही, मागून घेतली. निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते काही खरं नाही.

फेरी तशी लहानच. सोसायटीच्या फाटकातून निघून पापडीच्या बाजूला वळायचं, चौकातल्या क्रूसापुढे कोणीतरी लावून गेलेली मेणबत्ती विझत आलेली असते तिथून आतला रस्ता धरायचा, आणि मग दोन्ही बाजूंना वाड्या, नारळींच्या सावल्या, पाटाचं संथ पाणी, चर्चची घंटा. शनिवार असला तर राजोडीच्या किनाऱ्याकडे निघालेल्या मुंबईकरांच्या गाड्या हॉर्न वाजवत अंगावर येतात, तेव्हा माझ्या तोंडून निवृत्त माणसाला न शोभणारे शब्द निघतात. तेही शुद्ध मराठीतून निघतात, आणि दुखणं नेमकं तेच आहे.

आमच्या घरात ण नव्हता. आम्ही खाडीकाठचे शेतकरी. आमच्याकडे पानी होतं, लोनी होतं, दारात कोनी आलं तर कोन म्हणून विचारत. पाचवीत मी गावातल्या मोठ्या शाळेत गेलो आणि पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी मला उभं करून शिकवलं: नळाचा न, बाणाचा ण. वर्ग खो खो हसला. मी हुशार होतो, पंधरा दिवसांत शिकलो, आणि मग घरी येऊन, जेवताना, झोपताना, पाहुण्यांसमोर, एकेकाला दुरुस्त करू लागलो. वडील रागावले नाहीत. उलट त्यांना माझं भारी कौतुक, आणि मुलगा सांगतोय तर आपणही शिकावं, असं त्यांनी मनावर घेतलं. फक्त ण कुठे लावायचा नाही, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तो सगळीकडे लावला. ऊन पडलं की ते म्हणत, आज ऊण फार आहे. दुकानातून आले की म्हणत, सामाण आणलं.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेने पालकांना बोलावलं. वडील या सायकलवरून आले, इस्त्रीचा सदरा घालून, केसांना पाणी लावून. मास्तरांपुढे हात जोडून त्यांनी विचारलं, "मास्तर, मुलगा मण लावूण शिकतो ना?" मागच्या बाकावरची दोन मुलं फिसकन हसली. मास्तरही हसले, पण मिशीत. मी खिडकीबाहेर पाहत राहिलो. घरी येताना मी डबलसीट मागे बसलो होतो, आणि समोरच्या त्या घामाने ओल्या झालेल्या पाठीला मी म्हणालो, "तुम्ही शाळेत येत जाऊ नका. आलात तर बोलू नका." पायडलं तशीच फिरत राहिली.

ते पुन्हा शाळेत आले नाहीत. माझ्याशी बोलणं मात्र त्यांनी सोडलं नाही, असंच मला पुष्कळ वर्षं वाटत होतं. आता आठवू लागलो की ध्यानात येतं, ते माझ्याशी काय बोलत. ये. बस. जेव. बरं आहे. झोप आता. ज्यांत चूक होण्याची भीती नाही असे, न आणि ण दोन्ही टाळलेले शब्द त्यांनी माझ्यासाठी वेचून ठेवले होते, आणि तेवढ्यांवर त्यांनी बापपण निभावून नेलं. मला त्याची आज लाज वाटते. दुसरा शब्द मला सापडत नाही.

घरचं ते ण नसलेलं बोलणं आता ऐकायचं तर आमच्या घरातली एक आत्याच उरली आहे, ऐंशीला टेकलेली. माझी फेरी तिच्या पडवीशी संपते ती त्यासाठीच. पण ती मला "बसा" म्हणते. मी तिच्या मांडीवर वाढलेला, आणि ती मला अहो-जाहो करते, एकेक शब्द धुऊन-पुसून ठेवते. एकदा मी विचारलं तर म्हणाली, "दादा सांगून गेलेत, तो शिकलाय, त्याच्याशी नीट बोलत जा."

गेल्या आठवड्यात मी ठरवलं की सुरुवात आपण करायची. वाड्यांमधून सायकल मारता मारता मी पुटपुटत गेलो, पानी, पानी, पानी. कानात वायरी घालून पळणारा एक तरुण वळून वळून बघत राहिला. आत्या पडवीत वाल निवडत बसली होती. "बसा हो. पाणी आणू?" तिने विचारलं.

"आन गं आत्या," मी म्हणालो, "पानी आन."

तिचा सुपातला हात थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि काय झालं ते मला तत्काळ कळलं. माझ्या तोंडी ते घरचं वाटलंच नाही. ती नक्कल वाटली. पन्नास वर्षांनी मी पुन्हा वेडावून दाखवत होतो. "आणते हो," ती सावकाश म्हणाली, त्या ण वर सगळा जोर देऊन. "आमचं बोलणं आहे तसं आहे. हसू नका."

"हसत नाही गं," मी म्हणालो.

तांब्या-भांडं माझ्यापुढे ठेवून ती आत गेली, आणि आतून एकाएकी तिचा खणखणीत आवाज आला, सुनेवर कडाडलेला: "ती लोनच्याची बरनी कोनी उघडी ठेवली? मुंग्या लागल्या, पन कोनाला काय त्याचं!" सूनही त्याच बोलीत तोंडाला तोंड देत होती. वडिलांचा आणि तिचा, भावाबहिणीचा गळा एकच होता. मी डोळे मिटले. आत दोन बायका एका बरणीवरून भांडत होत्या आणि बाहेर माझ्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

भांडण थांबलं. आत्या बाहेर आली, माझ्यासमोर बसली, आणि पुन्हा जपून, मोजकं बोलू लागली. मी भांडं रिकामं केलं आणि शाळेत शिकवलं होतं तसं, अगदी नीट म्हणालो, "आत्या, आणखी थोडं पाणी मिळेल का?"

तहान नव्हती. ती पुन्हा आत जावी, एवढंच मला हवं होतं.