चकाचक वहिनी आणि डॉक्टरांचा खिसा

आमच्या शेजारच्या चकाचक वहिनींकडे चहा प्यायचा म्हणजे आधी कपाला परीक्षा पास व्हावी लागते. वहिनी तो खिडकीशी नेतात, उजेडात फिरवतात आणि नवऱ्याला विचारतात, "अहो, हा धुतलाय की नुसता भिजवलाय?" बिचारे भाऊ मुकाट्याने पुन्हा नळाशी. मी मजेत बघत बसतो. फुकटचा तमाशा कोण सोडेल?

पण हा नुसता नाद नाही, वहिनींचं पोट त्यावर आहे. एकोणीस वर्षं त्या कॅन्सरवर संशोधन करणाऱ्या प्रयोगशाळेत काचेची भांडी धुताहेत. तिथे सोन्याचे कण बनवतात. दागिना घडेल असे नव्हेत हो. केसाच्या जाडीत हजारो मावतील असे. उंदराच्या अंगात सोडले की ते गाठीत जाऊन बसतात, स्कॅनमध्ये चमकतात आणि वरून लेसर मारला की तापून गाठीला आतूनच भाजतात. द्रावण माणकासारखं लाल झालं तर कण चांगले. निळं पडलं तर ते एकमेकांना चिकटले, द्या फेकून.

तीन आठवडे रोज निळंच! खापर अर्थातच वहिनींच्या डोक्यावर. मोठे डॉक्टर म्हणाले, "शुक्रवारपर्यंत बघू, नाहीतर भांडी धुवायला मशीन आणू. बाई, तुमची नजर आता..."

वहिनी तणतणतच घरी आल्या. "सोनं विरघळवणाऱ्या आम्लाने भांडी धुते मी, आणि नजर माझी अधू?"

मला गप्प बसवतंय थोडंच! म्हटलं, "वहिनी, तुम्ही न धुतलेलं काय जातं हो त्या द्रावणाच्या काचेच्या चंबूत?"

त्यांच्या हातातला कप तसाच थांबला. "गोळी!" त्या किंचाळल्या.

गोळी म्हणजे चंबूच्या तळाशी गरगर फिरून द्रावण ढवळणारं पांढरं चुंबक, खडूच्या तुकड्याएवढं. डॉक्टरांचं पहिलं लाल द्रावण तिनेच ढवळलं होतं, तेव्हापासून ती लकी. राहायची कोटाच्या खिशात, आणि धुवायची वेळ आली की साहेब स्वतः नळाखाली धरायचे. दुसऱ्याचा हात लावून घेतील तर शपथ!

शुक्रवारी वहिनींनी सगळ्यांसमोर दोन चंबू मांडले. "साहेब, एकात तुमची गोळी, दुसऱ्यात कोरी. दोन्ही चंबू मीच धुतलेत. दोन्ही निळे झाले तर उद्यापासून मी येत नाही."

डॉक्टरांनी हसत खिशात हात घातला. द्रावणं उकळू लागली. फिकट पिवळी, मग पाण्यासारखी, मग काळपट. सगळे टेबलावर ओणवे. आणि एक चंबू बघता बघता लालेलाल! दुसरा जांभळा, मग चक्क निळा. कोणाचा, ते मी कशाला सांगू? गोळीवरच्या बारीक चरांत वर्षानुवर्षं साचलेलं जुनं सोनं आणि नळाचे क्षार ठाण मांडून बसले होते.

पुढच्या आठवड्यात वहिनी खालूनच ओरडत जिना चढल्या, "दिसली हो, दिसली!" उंदराच्या अंगातली, बोटाला न लागणारी, मोहरीएवढी गाठ पडद्यावर लख्ख दिसली होती. लेसरनंतर दहा दिवसांनी तिथे नुसती खपली. हा इलाज माणसापर्यंत पोचायला अजून वर्षं लागतील म्हणे, पण खपली दिसली त्या दिवशी भाऊंचा कप न तपासताच पास झाला!

मशीनचं नाव आता कोणी काढत नाही. रोज सकाळी प्रयोगशाळेच्या दारात वहिनी उभ्या असतात आणि मोठे डॉक्टर निमूटपणे दोन्ही खिसे उलटे करून दाखवतात.